मोकळी जागा

नवा प्रादेशिक आराखडा येणार म्हणून पंचायतींना शहाणं करत टेंबेसाहेब गावोगाव हिंडत होते. कुसुरवाडीत त्यांनी नकाशातल्या पटांगणावर बोट टेकवलं. "ही मोकळी जागा. इथं ट्रकतळ होणार."

"साहेब, तिथं दर शुक्रवारी बाजार भरतो," सरपंच शेवंताबाई म्हणाल्या.

"नकाशात दिसत नाही, म्हणजे नाही!"

शेवंताबाईंनी हुज्जत घातली नाही. पुढची बैठक तेवढी त्यांनी त्याच पटांगणावर ठेवली, शुक्रवारी.

साहेबांची जीप बकऱ्या आणि मिरच्यांच्या ढिगांमध्ये अडकली. शिंकून शिंकून बेजार झालेले साहेब ओरडले, "सरपंचबाई, आधी ही माणसं हटवा!"

शेवंताबाईंनी शांतपणे नकाशा उलगडला. "कुठली माणसं, साहेब? यात तर कुणीच नाही. आणा की जीप खुशाल!"