आसवाच्या मापाचं पाणी

बसा, सावलीला सरकून बसा. फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आपल्या कातरखडीला विहीर नव्हती तेव्हाची. पाणी यायचं दोन कोसांवरून आणि मीठ यायचं घाटाखालून. मीठ आणायची ठकू. एक बैल, दोन गोणी आणि तोंड असं फटकळ, की भले भले तिच्याशी भाव करताना बिचकायचे. आईबाप नव्हते. होता तो पाठचा भाऊ शिदू, आणि तो म्हणजे तिचा जीव की प्राण.

एका वर्षी गावानं विहीर काढायचं ठरवलं. हैबती पाटलानं गावदेवी खडकाईपुढं नारळ फोडला आणि नवस बोलला, "आई, पाणी लागेपर्यंत गाव अळणी खाईल. कुणाच्या कालवणात मिठाचा खडा पडणार नाही." सगळ्यांनी हात जोडले. ठकूनंही जोडले. धंदा बसला तिचा, पण विहीर सगळ्यांचीच होती ना.

वैशाखाचं ऊन, खाली काळा खडक. तीस गडी उतरले, पहारी खणखणायला लागल्या. घाम निथळायचा आणि घागरीमागून घागर रिती व्हायची. आठ दिवस गेले आणि आक्रीत सुरू झालं. पैलवान गडी, पण चालताना झोकांड्या जायला लागल्या. पोटऱ्यांत गोळे, डोकं गरगर, विचारावं एक तर बोलायचे भलतंच. बायका घाबरून आणखी पाणी पाजायच्या. असं म्हणतात, जितकं पाणी जास्त तितका गडी लवकर ढासळायचा. लोक म्हणाले, देवी कोपली. आणि खरं कारण तर घरोघरी चुलीवर रोज रटरटत होतं.

दहाव्या दिवशी शिदू विहिरीच्या तळाशी कोसळला. दोर बांधून वर काढला, तर बहिणीलासुद्धा ओळखेना. ठकूनं त्याला कडुनिंबाखाली कुशीवर निजवला. तेवढ्यात तिचा बैल आला आणि शिदूची उघडी पाठ चाटायला लागला. हाकलला तरी हटेना. ठकूनं वाकून पाहिलं. पाठीवर घाम वाळून पांढरी पुटं चढली होती. बोट लावून चाखलं, तर मीठच. जन्म गेला होता तिचा मिठात, तिला लगेच उमगलं. दहा दिवस अंगातलं मीठ बाहेर चाललं होतं आणि आत जात होतं नुसतं पाणी.

"पाटील, याला मीठ दिलं पाहिजे," ठकू म्हणाली.

"गोणी पडून राहिल्यात, म्हणून सुचतंय होय हे?"

"गोणी ओढ्यात ओता. मला मूठभर ठेवा."

पाटील काही वाईट माणूस नव्हता. त्याचा स्वतःचा लेकही पोटऱ्या धरून कण्हत होता. पण तो म्हणाला, "नवस मोडला आणि विहीर कोरडी निघाली, तर गाव उठेल, ठकू. मी काय करू सांग."

ठकू उठली. तडक देवळात गेली आणि पदर पसरला. "आई, गावाचं अळणी माझ्या पदरात घाल. पाणी लागेपर्यंत नाही, मरेपर्यंत खाईन मी. पण माझ्या भावाला सोड, या गड्यांना सोड." असं म्हणतात, वाऱ्याची झुळूक नसताना देवीच्या उजव्या अंगाचं फूल टपकन खाली पडलं. सगळ्या गावानं पाहिलं. आता कोण नाही म्हणणार?

पण घाई नडली बघा. ठकूनं मूठभर मीठ तांब्यात लोटलं. शिदूनं घोट घेतला आणि भडाभडा ओकला. मग मात्र त्या फटकळ बाईचं अवसान गळालं, ती ढसाढसा रडली. रडता रडता एक आसू ओठावर आलं आणि ती एकदम थांबली. माप सापडलं होतं. नवा तांब्या घेतला, मूठभर गूळ, लिंबाची फोड, आणि मीठ फक्त तीन बोटांची चिमूट.

"पाटील, चाखा. आसवाइतकंच खारट हवं, त्याहून जास्त नको. माझी जीभ आता मिठाला बंद झाली."

पाटलानं डोळे पुसले आणि चाखलं. मान हलवली. घोट घोट पाजत पाजत दिवस कलला, तेव्हा शिदू पुटपुटला, "तायडे, भाकरी आहे का गं?"

तेच पाणी पिऊन तीसही गडी उठले. तिसऱ्या दिवशी शिदूची पहार खडकात गेली आणि पाणी असं उसळलं, की देवळाचा झेंडा भिजला. असं म्हणतात, गडी दोराला लोंबकळत हसत हसत वर आले.

अळणी अंगाला घाम परवडणार नव्हता, म्हणून ठकूनं उन्हातला घाट सोडला, बैल शिदूला दिला. गड्यांना पाणी कालवून द्यायची, चाखायला मात्र दुसऱ्याला लावायची. म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली. शिदूनं मिठाची पेज पुढं केली, तर म्हणाली, "गावाचा नवस आहे, बाबा. मधे कशी सोडू?" आणि तशीच गेली.

म्हणून आजही वैशाखात ठकूच्या तिथीला कातरखडीत कुणी उन्हात कामाला जात नाही. विहिरीवर आसवाच्या मापाचं पाणी ठेवतात, वाटसरूला आधी. आणि त्या दिवशी अख्खं गाव अळणी जेवतं. फक्त कडुनिंबाखाली ठकूची शिळा आहे ना, तिच्यापुढं एक ताट मांडतात. भाकरी, पिठलं, आणि कडेला मीठ. घरातली थोरली बाई म्हणते, "आज आमची पाळी, ठकूबाई. तुम्ही जेवा."