लोहाराचं खोटं हसू

डोंगरापलीकडच्या एका गावात एक लोहार आणि लोहारीण राहत होती. तो सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि ती घण घालायची. जरा नेम चुकला तर नवऱ्याचा हातच जायचा, पण तिचा नेम कधी चुकला नाही.

एक दिवस घण घालता घालता ती पोट धरून खाली बसली. वैद्यांनी तिला तपासलं आणि लोहाराला बाजूला नेऊन सांगितलं, की हा कर्करोग आहे. औषध जहाल आहे, त्याने ती आधी आणखी खंगेल. पण लगेच सुरू केलं तर आशा आहे.

लोहाराच्या पायाखालची जमीन सरकली. तरी घरात येऊन तो म्हणाला, की काही नाही, पोटातला साधा वायगोळा आहे. वर हसलाही. ते हसू इतकं खोटं होतं, की दारातल्या शेळीलाही कळलं असतं.

मग त्याने घणाला गडी ठेवला. बायकोला पाण्याचा तांब्याही उचलू देईना. भेटायला येणाऱ्या शेजारणींना तो दारातूनच परतवायचा, न जाणो एखादी रडायची! स्वतःला रडू आलं, की भाता जोरजोरात ओढायचा, म्हणजे हुंदका ऐकू जात नसे.

औषध आलं, पण लोहारीण त्याला तोंड लावेना. वैद्य काकुळतीने म्हणाले, की आता उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. लोहाराने विनवण्या केल्या, तो रागावला, त्याने पुन्हा हसून दाखवलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शेवटी लोहाराच्या हातातली वाटी कलंडली. निम्मं औषध सांडलं. तो मटकन तिच्याजवळ बसला आणि ढसाढसा रडला.

"वायगोळा न्हाई गं, कर्करोग हाय," तो म्हणाला. "मला लई भ्या वाटतंय."

लोहारीण त्याच्याकडे वळली. "रोग मला कवाच कळला व्हता," ती म्हणाली. "पर तुमी माझा घण काढून घेतला, माझ्याशी खरं बोलंनासं झाला. मला वाटलं, तुमच्या लेखी मी आत्ताच मेले. मेलेल्या माणसानं औषिद कशापायी घ्यावं?"

मग दोघंही पोटभर रडली. उरलेलं औषध तिने घेतलं.

पुढचे दिवस फार कठीण गेले. ती वाचेल की नाही, हे वैद्यांनाही सांगता येईना. पण दुसऱ्या सकाळपासून औषधाची वाटी ती स्वतः मागून घेऊ लागली.

तात्पर्य: आपली भीती लपवून आजारी माणसाला धीर मिळत नाही, उलट ते एकटं पडतं. त्याच्याजवळ बसून खरं बोलावं, रडू आलं तर सोबत रडावं.