गळ्यापर्यंत वाळू

कृष्णाकाठच्या एका गावात एक भोळा जावई राहत असे. भोळा हा गावाचा शब्द. सासऱ्याचा शब्द निराळा होता, पण जावयाला तो तोंडावर म्हणायची चाल नाही.

सासरे त्रिंबकराव पोंक्षे. विलायतेहून बोटीने बियाणी, कलमं, फुलझाडांचे कंद मागवायचे आणि विकायचे. दुकानात राबायला त्यांना बिनपगारी माणूस हवा होता, म्हणून त्यांनी घरजावई केला. नाव रघुपती. फुकटचं ते पौष्टिक, असं त्रिंबकरावांना वाटलं.

एकदा घेवड्याच्या बियाण्याचं पोतं आलं. त्रिंबकराव म्हणाले, "जावईबापू, बी ओल्या गोणपाटात गुंडाळा. किती उगवतं ते पाहू, मगच विकू."

दुकानदार यासाठी मूठभर बी घेतात. रघुपतीने पोतं घेतलं.

चौथ्या दिवशी तो म्हणाला, "मामंजी, सगळं उगवलं. एक दाणा वाया नाही."

घरात आठवडाभर उसळ झाली. शेजारीही उसळच.

"बियाण्याला ओल लागू द्यायची नसते," त्रिंबकराव दात आवळून म्हणाले. "आलेला माल उन्हात खडखडीत वाळवायचा आणि डब्यात भरायचा."

"बरं. लक्षात ठेवतो."

आणि त्याने लक्षात ठेवलं. विसरला असता तर दुकानाचं भलं झालं असतं.

पुढे गुलाबाची कलमं आली, ओल्या शेवाळात गुंडाळलेली. रघुपतीने शेवाळ झटकलं, कलमं गच्चीवर तीन दिवस वाळवली आणि डब्यात भरली. डबा हलवून दाखवला. खडखड वाजला.

"अहो, ही जिवंत झाडं होती," त्रिंबकराव म्हणाले. "त्यांची मुळं कधी उघडी पाडायची नसतात. मातीत पुरायची, वरून पाणी घालायचं."

"लक्षात ठेवतो."

मग हॉलंडहून लिलीचे कंद आले. संस्थानच्या राजवाड्याची बाग नव्याने व्हायची होती. तिची सगळी मागणी मिळाली तर पोंक्ष्यांचं दुकान तरणार होतं, नाहीतर घेवड्यामागोमाग जाणार होतं. रघुपतीने अर्धे कंद लगेच पुरले आणि महिनाभर पाणी घातलं. कुजले.

त्रिंबकरावांचा आवाज आता बारीक झाला होता. "जावईबापू, कंद झोपलेला असतो. झोपलेल्याला हात लावून उठवायचं नाही. तळघरात, अंधारात, कोरड्या वाळूत ठेवायचं. वेळ झाली की तो आपणच डोकं वर काढतो."

"हे मात्र पटलं," रघुपती म्हणाला.

अखेर राजवाड्याच्या बागेचे कारभारी दाजीसाहेब उरलेले कंद पाहायला आले. कंद पसंत पडले. पुरणपोळ्या त्याहून पसंत पडल्या, नऊ खाल्ल्या. "चारच्या गाडीला उठवा, जाताना सही करतो," असं म्हणून ते खाटेवर आडवे झाले. त्रिंबकराव करारासाठी कोर्टाचा स्टँप-कागद आणायला तालुक्याला निघाले. जाताना बजावून गेले, "जावईबापू, यांना कंदासारखं जपा."

एवढंच सांगायला नको होतं.

रघुपतीने दोन हमाल बोलावले. हात लावायचा नव्हता, म्हणून खाटेसकट दाजीसाहेबांना तळघरात नेलं आणि वाळूच्या हौदात अलगद कलंडवलं. वर गळ्यापर्यंत वाळू ओढली. वाळू गार होती. घोरणं वाढलं.

चारची गाडी शिटी देऊन गेली.

वाटेत टांग्याचं चाक निखळलं, म्हणून त्रिंबकराव कागद घेऊन परतले ते साडेचारला. "कारभारी कुठे?"

"वाळूत. आत्ताच जागे झाले."

तळघरात हौदातून फक्त एक पागोटं आणि लालबुंद तोंड दिसत होतं. रघुपती कौतुकाने म्हणाला, "बघा, मी हातसुद्धा लावला नाही. आपणच डोकं वर काढलं." आणि उगवलेलं जिवंत आहे असं पाहून त्याने झारीभर पाणी वरून सोडलं.

"पोंक्षे," पागोट्यातून पाणी गाळत दाजीसाहेब म्हणाले, "तुमच्याकडून संस्थान आता गवताची काडी घेणार नाही."

त्रिंबकरावांच्या हातून कागद गळाला. दाजीसाहेबांचे पाय धरावेत म्हणून ते हौदात उतरले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसू लागले.

रघुपतीने चटकन त्यांचं मनगट धरलं.

"असं काय करता, मामंजी? मुळं उघडी पाडायची नसतात."