ठमाईचा पट्टा

ठमाबाईवर कुणी विश्वास ठेवला नाही. एकानंही नाही. बाई सांगतेय म्हटल्यावर कानात बोळे घालणारी माणसं काही आजचीच नाहीत. ऐका.

आपल्या आज्याच्या आज्याला मिसरूड फुटायच्या आधीची ही गोष्ट. नदीकाठच्या भोईवाड्यात ठमाबाई नांदायला आली, ती पदराच्या गाठीत माहेरचं कलिंगडाचं बी घेऊन. नदी ओसरली तसे तिनं वाळूत खड्डे घेतले, शेणखत घातलं, बी टोचलं. चैत्रात फळ असं आलं, की सुरी नुसती टेकवली तरी उकलायचं, असं म्हणतात. मग सगळ्या भोईवाड्यानं वाळूत कलिंगडाच्या वाड्या घातल्या.

वाडी राखता राखता ठमाबाईला नदीच्या डोहातल्या कासवांचा लळा लागला. आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं, खडकावर ऊन खात बसतात त्या कासविणी सगळ्या थोराड. पुरीएवढं पिल्लू एक नाही.

"डोह म्हातारा झालाय," ती म्हणाली. "या गेल्या की संपलं."

तिचा दीर उमाजी हसला. "अगं वहिनी, खडकावर जागा पुरत नाही एवढी कासवं! तुला काय त्यांचा पाळणा हलवायचाय?"

"घरात नुसत्या आज्याच उरल्या, तर त्याला भरलेलं घर म्हणता होय, भावजी?"

पिल्लं का नाहीत, तर कुणी म्हणालं, अंडी कोल्हा खातो. कुणी म्हणालं, मुंगूस. ठमाबाईनं काठी घेऊन दोघांनाही पिटाळलं. तरी पिल्लू नाही.

मग ती डोहात गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. सात दिवस. सातव्या दिवशी कासविणी रांगेनं आल्या आणि एकेकीनं तिच्या हाताखाली पाठ दिली, असं म्हणतात. कासवाच्या पाठीवरच्या चौकटीत वर्षाला एक वळ उमटतो. ठमाबाईनं बोटानं वळ मोजले. कुणाचे चाळीस, कुणाचे तीस. सगळ्यांत धाकटीचे तेरा. तेराच्या खाली कुणीच नाही.

आणि ठमाबाईला नांदायला येऊन झाली होती बारा वर्षं.

ती पाण्यातून निघाली ती थेट आपल्या वाडीत. फुलावर आलेले वेल उपटले, हातानं वाळू उकरली. खड्ड्याखड्ड्यातून फुटक्या अंड्यांची टरफलं निघाली. कासवीण ज्या उंच, उबदार वाळूत अंडी पुरायची, तिथंच भोईवाड्याची कुदळ पडत होती.

उमाजीचं तोंड उतरलं. "वहिनी, कोल्ह्याचंच नाव राहू दे. तुला कोण बोल लावणार?"

"कोल्ह्याला बोल लावाल आणि पुढच्या साली परत खड्डे घ्याल. माझं नाव घ्या. दरसाल घ्या."

त्या साली उंच वाळू मोकळी सुटली. पुढच्या पावसाच्या तोंडाशी ती वाळू उकळी फुटल्यासारखी हलली, आणि पुरीएवढी पिल्लं ठमाबाईच्या पायांवरून डोहाकडे धावली, असं म्हणतात.

आजही वाडी घालायच्या दिवशी आधी त्या वाळूभोवती बाभळीच्या काट्या रोवतात. तो ठमाईचा पट्टा. तिथं कुदळ नाही म्हणजे नाही. काट्या रोवून झाल्या की थोरला माणूस विचारतो, "डोह कुणी रिता केला?"

आणि पोरंसोरं, बायाबापड्या हसत हसत, खच्चून ओरडतात, "ठमाईनं!"