फुलयची चाल

“…पण लोक हसले यात माझा काय दोष, बाबा?”

भार्गवनं हे तिसऱ्यांदा विचारलं. हुसेनबाबा प्रोजेक्टरची काच पुसत बसले होते. तीस वर्षं जत्राजत्रांतून चित्रं दाखवलेला माणूस, उत्तर द्यायची घाई त्यांना कधीच नसे.

बोलपट यायला अजून अवकाश होता. याच बाबांकडे हँडल फिरवायला शिकून भार्गव मुंबईला गेला, कॅमेरा घेऊन मेळघाटात हिंडला आणि कोरकू लोकांचा पाणवठा, बाजार, नाच, सगळं फिल्मच्या पट्टीवर धरून आला. अकोटला परतला तेव्हा स्वारीचे पाय जमिनीला लागत नव्हते. कापसाच्या रिकाम्या वखारीत गेल्या शनिवारी पहिला खेळ झाला. डोक्यावर घागर घेतलेली म्हातारी फुलय पडद्यावर आली आणि अख्खी वखार हसून लोळली. म्हातारी चावीच्या बाहुलीसारखी टुणटुण उडत होती.

“तिला टिपलंस तेव्हा पट्टी किती उरली होती?” बाबांनी विचारलं.

“थोडीच. पुरवायची म्हणून कॅमेऱ्याचं हँडल हळू फिरवलं.”

“हळू घेतलंस, म्हणून पडद्यावर ती पळतेय.”

“ठाऊक आहे हो. कापून टाकतो तेवढा तुकडा.”

“काप की… आणि त्यांना काय सांगशील?”

दाराशी सानू कासदेकर बसला होता. फुलयचा नवरा. होळीनंतर ती वारली. पडद्यावर अजून चालते, असं बाजारात कुणीतरी सांगितलं, म्हणून म्हातारा दोन दिवस डोंगर उतरत आला होता.

“त्यांना नाच दाखवू,” भार्गव हळूच म्हणाला. “बायकोचं हसं झालेलं कशाला दाखवायचं?”

बाबांनी हाक मारली. “सानूदादा, आत या. घरच्या बाई कशा चालायच्या हो?”

“कशी म्हणजे… घागर घेऊन?”

“घागर घेऊन.”

सानू उठला. एक हात डोक्याशी नेला आणि वखारीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेला. मान ताठ, डावा पाय जरासा ओढत. मध्येच थांबला, श्वास घेतला, पुन्हा निघाला.

“पायात लहानपणी काटा मोडला होता तिच्या,” तो म्हणाला. “मी मागून चिडवायचो, आज पोचशील का उद्या? ती म्हणायची, मग तू घे घागर.”

भार्गवनं त्या बाईला चित्रासाठी तीनदा घागर भरायला लावली होती. पाय त्याला आठवेना.

“हँडल धर,” बाबा म्हणाले. “या पावलांनी फिरव.”

“इतकं हळू? दिव्यापुढे पट्टी रेंगाळली की पेट घेते, तुम्हीच शिकवलंत. आणि मूळ पट्टी भिजून गेली, बाबा. ही एकच प्रत उरलीय. परवा नागपूरला खेळ आहे, एवढी मोठी मंडळी…”

“हो. मीच शिकवलं.”

बाबांनी गोणपाट बादलीत बुडवलं आणि ते घेऊन मशीनशेजारी उभे राहिले.

दारं लोटली. दिवा लागला.

पायवाटेवर फुलय आली. डावा पाय जरासा ओढत… थांबली… निघाली. घागर हलली नाही.

सानू तिच्याशी कोरकूत काहीतरी बोलला. उत्तरापुरता थांबला. पुन्हा बोलला.

करपल्याचा वास आला. भार्गवनं बाबांकडे पाहिलं. बाबा पडद्याकडे पाहत होते. हात त्याचा होता, हँडल त्याचं होतं, दोन झपाट्यांत पट्टी वाचली असती…

त्यानं वेग वाढवला नाही.

फुलय चालत चालत अगदी जवळ आली आणि पडद्याच्या कडेनं निघून गेली. पायवाट तेवढी उरली. त्या पायवाटेकडे पाहता पाहता भार्गवचा हात थांबला.

पडद्यावर तपकिरी डाग पडला, पसरला, पांढरा झाला. बाबांनी गोणपाट टाकलं, कात्री चालवली. तरी मागचा सगळा बाजार, सगळा नाच, धूर होऊन गेला.

सानूनं दार उघडलं. डोळे पुसले, मुंडासं सारखं केलं.

“बरी चालली,” तो म्हणाला. दोघांना रामराम केला आणि उन्हात उतरला.

भार्गव रिकामं रीळ हातात घेऊन उभा होता.

“बाबा… नागपूरला आता काय दाखवू?”

बाबा गोणपाट पिळत होते.

“वेशीपर्यंत पोचवून ये त्यांना,” ते म्हणाले. “आणि त्यांच्या पुढे चालू नकोस.”