चार गावांचे चार साचे

एका खिंडीच्या खाली चार गावं होती. गडावरच्या सरदाराचे घोडेस्वार त्यांची राखण करायचे. त्यामुळे गावांच्या बंदुका वर्षानुवर्षं आढ्याला टांगलेल्या, अन् लोहार आपले विळे नि फाळ करत बसलेले.

एक दिवस सरदाराचा निरोप आला. माझी माणसं मला दुसरीकडे लागतात, तुमचं तुम्ही बघा. खिंडीपलीकडे पेंढारी तर टपलेलेच होते. खिंडीच्या तोंडाशी होती खिंडवाडी. तिथे चिमा लोहारीण बापामागे त्याची भट्टी चालवायची, अन् तिचा नवरा हैबती वेशीवर राखणीला असायचा.

बंदुका खाली काढल्या, तेव्हा चिमाच्या ध्यानात आलं. प्रत्येक गावाच्या बंदुकीची नळी वेगळ्या मापाची, म्हणून गोळ्या ओतायचा साचाही वेगळा. तिने चारही पाटलांना पारावर बोलावलं. म्हणाली, "कुणाचा का होईना, एकच साचा धरा. त्या मापाच्या नळ्या आम्ही चौघं लोहार मिळून करून देऊ. उद्या एकाच्या गोळ्या सरल्या तर दुसऱ्याच्या चालतील."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग साचा कुणाचा, ते निघालं. एक म्हणाला, आमचा आजोबांपासूनचा आहे. दुसऱ्याला आपल्या लोहाराच्या पोटाची काळजी पडली. तिसरा हसला. "चिमे, तुझा धरला की सगळं काम तुझ्याच भट्टीला, होय ना?" माझा नका धरू, असं ती म्हणाली, तर तो म्हणतो, "स्वतःचाच नको म्हणते, म्हणजे त्यात खोट असणार." अशा पाच बैठका झाल्या. पाच जेवणं झाली.

पेरण्या आटोपल्या अन् भर दुपारी पेंढारी आले. हैबती दहा जणांनिशी वेशीवर उभा राहिला. गोळ्या सरल्या, तशी शेजारी हाक गेली. पाटील मनाने वाईट नव्हते, खोटं कशाला बोलू. तिन्ही गावांनी पाट्या भरभरून गोळ्या धाडल्या. दोन गावांच्या नळीत शिरेनात. तिसऱ्याच्या शिरल्या, त्या नळी खाली झुकवताच गडगडत बाहेर आल्या. चिमाने त्या वितळवून आपल्या साच्यात ओतायला घेतल्या. शिसं पातळ होतंय तोवर वेस पडली.

हैबती तिथेच मारला गेला. हातात बंदूक होती, पायाशी पाटीभर गोळ्या होत्या.

तिसऱ्या दिवशी चिमा पारावर आली. जळक्या वेशीतून उचललेली पाटी तिने पाटलांपुढे ठेवली. "घ्या तुमच्या गोळ्या. एकही खर्ची पडली नाही."

मग त्या हसणाऱ्या पाटलाने घसा खाकरला. "एक साचा तर कमी झाला. आता तिघांतूनच ठरवायचं."

सहावी बैठक बसली. पेंढारी तेव्हा त्या पाटलाच्याच गावाच्या शिवेवर घोड्यांना पाणी पाजत होते.

तात्पर्य: ज्यांना आपापला साचा शेजाऱ्याच्या जिवापेक्षा मोठा वाटतो, त्यांची मदत वेळेवर पोचूनही फुकट जाते, अन् पुढची वेस त्यांचीच पडते.