बंदुकीचा वाटा

“...आणि केप फुटूनही बार उडाला नाही, तर दोष बंदुकीचा की माणसाचा? एवढंच सांगा, बुवा.”

झिलू धुरीनं हे पायरीवरूनच विचारलं. नमस्कार करायचा राहून गेला.

घाटाच्या पायथ्याशी महादेवाचा लहानसा मठ आहे. तिथे गिरीबुवा राहत. धुनीजवळ बसून ते नारळाचा काथ्या पिंजत होते. शेजारी त्यांची शेळी रवंथ करत होती.

“बस,” बुवा म्हणाले.

झिलू बसला नाही. खांद्यावरची ठासणीची बंदूक काढून त्यानं भिंतीला टेकवली. दस्ता खोबरेल चोळून चोळून चकचकीत केलेला. नळीवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता.

झिलूसारखा नेम आसपासच्या गावांत कुणाचा नाही, असं सगळे म्हणत. तोही म्हणे.

मग तो उभ्यानंच सांगत राहिला. गिरीबुवांनी ते गावातल्या चारजणांकडून आधीच ऐकलेलं होतं, तरी ऐकून घेतलं.

डुकरांनी वरकस रानातली नाचणी लोळवली होती, म्हणून गावानं रान हाकायचं ठरवलं. डुक्कर आलं ते नेमकं झिलूच्या बसायच्या जागेसमोर. इतकं जवळ, की आंधळ्यानंही टिपलं असतं. झिलूनं चाप ओढला. केप, ठिणगीची ती टोपी, टक् करून फुटली... आणि पुढे काहीच नाही.

डुक्कर फिरलं. मागून हाकारे घालत माणसं येत होती. ज्याला जे झाड सापडलं त्यावर तो चढला. बुधाजीला झाड सापडलं नाही.

डोलीतून आणला त्याला. मांडी शिवली. जीव वाचला. पाय मात्र गुडघ्यात वाकत नाही, आणि वाकणारही नाही असं वैद्य सांगून गेला.

“बुधाजी काय म्हणतो?” बुवांनी विचारलं.

झिलूनं मान फिरवली.

तो बुधाजीकडे गेलाच नव्हता. दोघांच्या घरांमध्ये एक कुंपण, त्यालाही जाण्यायेण्यासाठी लहानपणापासून पाडलेलं भगदाड. आता झिलू शेतावर जायचा तो सगळ्या वाडीला वळसा घालून. बुधाजीची बायको विहिरीवर भेटली की झिलूच्या बायकोला विचारी, भावोजी बरे आहेत ना, दिसले नाहीत. एवढंच. तेच झिलूला खात होतं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुम्ही म्हणा, बंदूक खोटी,” झिलू म्हणाला. “तुमचा शब्द गावात चालतो. मी ती डोहात टाकतो. मग त्याच्यासमोर जाऊन उभा राहीन.”

“आणि माणूस खोटा म्हणालो तर? त्यालाही डोहात टाकणार?”

झिलूनं भिंतीला टेकलेल्या बंदुकीकडे पाहिलं.

“डोह लहान आहे रे,” बुवा म्हणाले. “असं सुरू केलंस तर गावाला प्यायला पाणी उरायचं नाही.”

झिलूला हसू आलं नाही.

बुवांनी हात पुढे केला. “आण इकडे. रिकामी आहे ना?”

“रिकामीच. भरलेली बंदूक देवाच्या दारात आणायला मी काय वेडा आहे?”

बुवा उठले, पण बंदूक हातात घेतली नाही. ती होती तशीच भिंतीला टेकलेली राहू दिली, तोंड आकाशाकडे. नळीखालचा लोखंडी गज ओढून काढला आणि वरून नळीत सोडला.

रिकाम्या नळीत गज पडला की खणकन वाजतो आणि पार आत जातो. टोक नळीच्या तोंडाशी येऊन थांबतं.

हा वाजला नाही. धप्प असा काहीतरी मऊ आवाज आला. गजाचं टोक नळीच्या वर चार बोटं उभं राहिलं.

दोघंही त्या चार बोटांकडे बघत राहिले.

झिलू एकदम पुढे झाला, शेळीचं दावं धरलं आणि तिला ओढत धुनीच्या पलीकडे नेऊन बांधलं. त्या दिवशी तो बंदूक टाकून बुधाजीकडे धावला होता. मागून कुणीतरी ती उचलून घरी आणली आणि नेहमीच्या खुंटीला टांगली. त्या खुंटीखाली त्याच्या धाकट्या मुलीचा पाळणा होता.

रोज तो ती काढी, वरून पुशी, तेल लावी, पुन्हा टांगी.

“त्या दिवशीचा बार,” बुवा म्हणाले, “अजून आतच आहे.”

त्यांनी तांब्याभर पाणी आणलं आणि नळीत ओतलं, आतली दारू मरावी म्हणून. मग दोघं थांबले. शेळी एकदा ओरडली तर तो दचकला.

बऱ्याच वेळानं बुवांनी गजाच्या टोकाला पिळाची आकडी बसवली आणि हळूहळू काथ्याचा बोळा बाहेर ओढला. नळी उलटी केली. शिसं घरंगळत खाली आलं. मग काळा चिखल.

बुवांनी शिशाचे दाणे वेचून झिलूच्या तळहातावर ठेवले. ते थंड होते. दिसायला मूठभरसुद्धा नव्हते, पण हाताला जड लागत होते.

“आता धू,” बुवा म्हणाले.

झिलूनं दाणे धोतराच्या गाठीत बांधले. कमरेचा तेलाचा फडका काढला आणि नळी बाहेरून पुसायला घेतली.

“आतून.”

त्यानं रांजणातलं पाणी घेतलं.

“गार?”

झिलूचा हात तांब्यावरच राहिला. त्यानं बुवांकडे पाहिलं, मग धुनीकडे, मग पुन्हा हातातल्या पाण्याकडे.

“झिलू... ही बंदूक आजवर धुतली कुणी?”

झिलूनं तांब्या खाली ठेवला.

तसं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. शिकार झाली की वाटे पडत. बार टाकणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, कुत्र्यांचा वाटा. आणि एक बंदुकीचा. बंदूक काही खात नाही. तो वाटा तिला धुणाऱ्याचा. बाकीचे आपापल्या टोपल्या घेऊन घरी पळत, सागोती चुलीवर चढे, त्या वेळी तो आपल्या चुलीवर पाणी उकळत बसे. दारूची काजळी एकदा सुकली की नळीत गंज धरते, नळीच्या बुडाशी असलेलं कानाचं भोक बुजतं, आणि केपेची ठिणगी आत पोचत नाही. म्हणून जेवणाच्या आधी बंदूक, ही रीत.

झिलूची बंदूक बुधाजी धुवायचा. मिसरूड फुटायच्याही आधीपासून. धुऊन झाली की नळीच्या तोंडाला नाक लावून हुंगायचा. आत घाण राहिली असेल तर नासक्या अंड्याचा वास येतो. वास असला की तो पुन्हा पाणी ठेवायचा. बायको म्हणायची, एवढं कधी मला विचारलं नाही. तो म्हणायचा, तू कुठे डुकरावर चालतेस.

या हंगामात पहिलं डुक्कर पडलं तेव्हा झिलूचा नेम फारच लांबून लागला होता. सगळे त्याची वाहवा करत होते. वाटे पडले. बुधाजीनं सवयीनं बंदुकीचा वाटा आपल्या टोपलीत घेतला.

तेव्हा झिलू म्हणाला, बंदूक माझी, परवाना माझ्या नावावर, नेमही माझाच. मग तिच्या तोंडचं दुसऱ्याच्या टोपलीत कसं जातं?

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, बुधाजी, बंदुकीला ढेकर आली की उरलेलं तुला. बुधाजीही हसला. टोपलीतलं वाट्याचं केळीचं पान त्यानं उचललं, परत वाट्यांच्या जागी ठेवलं आणि घरी गेला. बंदूक न घेता.

झिलूनं त्या संध्याकाळी नळी बाहेरून पुसली, तेल लावलं आणि खुंटीला टांगली.

पुढच्या हाकाऱ्याला डुक्कर त्याच्यासमोर आलं.

“बुधाजीनं,” झिलू शेवटी म्हणाला. इतक्या हळू, की शेळीच्या रवंथीत ते बुडालं.

बुवांनी ऐकलं. धुनीवर पातेलं ठेवलं.

पाणी उकळलं. मग नळीत पहिलं पाणी पडलं, आणि खालून शाईसारखं काळं आलं. वास असा की झिलूनं तोंड फिरवलं. बुवांनी करवंदीचा लांब काटा त्याच्या हातात दिला. झिलू कानाचं भोक उकरत बसला. काजळी दगडासारखी झाली होती. एक काटा मोडला. दुसरा घेतला.

तो उकरता उकरता एकदम थांबला.

“त्याला ठाऊक होतं,” तो म्हणाला. “ही धुतलेली नाही, हे त्याला ठाऊक होतं, बुवा. तरी हाकाऱ्याला आला. मी बसलो होतो त्याच अंगानं आला. मग बोलला का नाही? एक शब्द बोलायचा होता... मी तिथल्या तिथे धुवून घेतली असती.”

“बोलला असता तर तू काय म्हणाला असतास?”

झिलूनं हातातला काटा फिरवून पाहिला.

धुनीत एक लाकूड तडकलं.

“म्हणालो असतो...” तो काट्याकडेच बघत म्हणाला. “म्हणालो असतो, वाटा मागतोस होय रे.”

बुवांनी दुसरं पातेलं चढवलं.

झिलूनं पुन्हा काटा घातला. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते. डोलीतून नेताना बुधाजी त्याला काहीतरी म्हणाला होता. तेव्हा झिलूला वाटलं, वेदनेनं बरळतोय. ते आज त्यानं बुवांना सांगितलं. बुधाजी म्हणाला होता, ती तशीच ठेवू नको हं.

“आणि मी तशीच ठेवली,” झिलू म्हणाला.

बुवांनी गजाला चिंधी गुंडाळून दिली.

काटा आरपार गेला. कानातून काळी धार फुटली. दुसरं पाणी गढूळ आलं. तिसरं राखेच्या रंगाचं. त्यानंतर झिलू स्वतःच उठून पातेली चढवत राहिला. हात भाजले तरी त्यानं फडका घेतला नाही. ऊन मठाच्या पायरीवरून उतरून खाली बांधाकडे गेलं तेव्हा नळीतून येणारं पाणी, पीत नसतं कुणी, पण प्यावंसं वाटावं असं येत होतं.

त्यानं नळी कोरडी केली. तेलाची चिंधी आतून फिरवली. बाहेरून लावायला तेल उरलं नाही, तर तसाच राहू दिला दस्ता. राखेचे, पाण्याचे डाग पडले होते त्यावर.

मग दोन्ही हातांनी बंदूक बुवांसमोर धरली. “तुमच्याकडे ठेवून घ्या. मला ही घरात नको.”

“मी काय करू तिचं? माझी शेळी मरेल भीतीनं.”

झिलूनं बंदूक जवळ घेतली आणि नळीच्या तोंडाला नाक लावलं. बराच वेळ लावून राहिला.

“मला काही समजत नाही,” तो म्हणाला. “वास आहे की माझ्याच हातांना येतोय... त्याला बरोबर समजायचं.”

“मग त्याच्याकडे जा.”

“जाऊन काय सांगू?”

“काही सांगू नकोस. नळी त्याच्या नाकाशी धर.”

झिलूनं वाकून नमस्कार केला. बंदूक खांद्यावर न टाकता, पोराला धरावी तशी आडवी हातांवर घेतली. चार पायऱ्या उतरला आणि थांबला. मागे वळून पाहायला त्याला वेळ लागला.

“बुवा... आणि तो म्हणाला, अजून वास येतोय, तर?”

गिरीबुवांनी काथ्या पुन्हा मांडीवर घेतला होता.

“तर त्याच्या चुलीवर पाणी ठेव.”